खळ्यावरचा सामना

आमच्या घरात फुटबॉल शिरला तो खडकीच्या मामाच्या पिशवीतून. मामा तिकडे कसल्याशा डेपोत नोकरीला होता आणि भोरला येताना दर खेपेला काहीतरी बिनकामाचं घेऊन यायचा. एकदा दुर्बीण आणली, तिला भिंगं नव्हती. एकदा बिगुल आणला, तो फुंकला की नुसती थुंकी उडायची. त्या खेपेला त्यानं पिशवीतून चामड्याचा एक चपटा गोळा काढला, तोंडाला वादीनं शिवलेला, आणि आईला म्हणाला, "ताई, ह्यात हवा भरायची असते." आई म्हणाली, "तुझ्या डोक्यात आहे तेवढी पुरे की." माझा थोरला भाऊ वसंतदादा तो गोळा घेऊन सायकलच्या दुकानात पळाला आणि परत आला तेव्हा त्याच्या काखेत भोरमधला पहिला फुटबॉल होता. पहिला म्हणजे निदान आम्हांला माहीत असलेला पहिला. संस्थानच्या काळात कुणी खेळलं असेल तर त्यांनी पुढे येऊन सांगावं, माझी हरकत नाही.

भोरला तोवर हुतूतू ठाऊक होता, खोखो ठाऊक होता, आट्यापाट्या ठाऊक होत्या. चेंडू हातानं धरायचा आणि पाय कशाला लागला तर त्या वस्तूला नमस्कार करायचा, हे वळण सगळ्यांना घरूनच होतं. त्यामुळं सुरुवातीला दादाच्या संघातला एक जण चेंडूला लाथ मारली की सवयीनं हात छातीशी न्यायचा, आणि त्याचा नमस्कार होईतो चेंडू दुसऱ्यानं पळवलेला असायचा. चामडं मऊ राहावं म्हणून आम्ही आईचं खोबरेल चोळत असू. त्या वर्षी माझे केस राठ झाले होते आणि चेंडू मात्र चकचकीत होता. आईला वाटायचं, मुलगी वयात येतेय म्हणून तेल जास्त लागतंय. मीही तिचा तो समज मोडला नाही.

गोलात उभं राहायला कुणी तयार नसे, कारण तिथं पळायला मिळत नाही आणि शिव्या मात्र खायच्या असतात. म्हणून दादानं मला उभी केली. मी परकर-पोलक्यातली मुलगी, पण माझ्या हातात आलेली वस्तू सुटत नाही अशी घरात ख्याती होती. शिवाय परकर! चेंडू जमिनीसरपट आला की मी नुसती खाली बसायची, परकर पसरायचा आणि चेंडू त्यात अडकायचा. समोरचे ओरडायचे, दादा म्हणायचा, नियमात परकराबद्दल काही लिहिलेलं दाखवा. नियम आमच्यातल्या कुणीच वाचलेले नव्हते, तेव्हा दाखवणार कोण? आता संध्याकाळी फिरायला निघाले की मैदानावर मुली खेळताना दिसतात, रंगीत बूट, गुडघ्यापर्यंत मोजे. मी काठी टेकून थांबते. परवा एकीनं विचारलं, "आजी, तुम्हांला यातलं कळतं का?" मी म्हटलं, "थोडंसं." तिनं मग मला कॉर्नर म्हणजे काय ते फार प्रेमानं समजावून सांगितलं.

वडील, म्हणजे नाना, महसूल खात्यात सर्कल इन्स्पेक्टर होते, लोक नुसतं सर्कल म्हणत. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, पायांत पंप-शू, आणि बोलणं इतकं थोडं की घरात ते आहेत की फिरतीवर आहेत हे खुंटीवरच्या टोपीवरून ओळखायचं. आमचं भाड्याचं घर भाताच्या गिरणीच्या मागे होतं. गिरणीचा पट्टा सकाळी फटफटायला लागला की आईची चूल पेटायची आणि तो थांबला की दुपारची जेवणं झालेली असायची. सगळ्या घरभर कोंड्याची बारीक धूळ आणि आंबेमोहोराचा वास. भात आमच्याकडे सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी असे, मध्ये भूक लागली तर पेज. नाना जेवताना दोनच वाक्यं बोलत, "मीठ कमी आहे" आणि "वाढ." मीठ कमी नसलं तरी पहिलं वाक्य ठरलेलंच. आईनं एकदा चिडून दुप्पट मीठ घातलं, तरी म्हणालेच, आणि वर भांडंभर पाणी प्यायले.

ते माझं मॅट्रिकचं वर्ष होतं. मला पुढे पुण्याला सायन्सला जायचं होतं आणि तिथून डॉक्टरकीला. हे मी आईला सांगितलं होतं, आईनं नानांना सांगितलं होतं आणि नाना "हूं" म्हणाले होते. या "हूं"चा अर्थ आम्ही दोघी महिनाभर लावत होतो, तेवढ्यात साताऱ्याहून स्थळ सांगून आलं. मुलगा वकील, घरचं सगळं बरं, हुंड्याचा आग्रह नाही, फक्त मुलगी मॅट्रिकनंतर घरात हवी. ते लोक तुळशीच्या लग्नानंतर मला बघायला येणार असं ठरलं. नानांनी त्यालाही "हूं"च केलं. एकच "हूं" दोन्हीकडे कसा चालेल? त्या मुलाचा फोटो आईनं मला दाखवला. मुलगा वाईट नव्हता. पण त्याच्याकडे बघताना मला पुण्याची एसटी माझ्याशिवाय सुटताना दिसायची आणि रडू यायचं. उघड रडायचीही सोय नव्हती, कारण मग आई रडायची आणि दोघींत तिलाच समजवावं लागायचं.

याच दिवसांत भिकूचं आव्हान आलं. भिकू वेल्ह्याकडचा. भोरच्या बोर्डिंगात राहून आमच्या शाळेत शिकायचा आणि दादाच्या संघात सगळ्यांत पुढे खेळायचा. दसऱ्याच्या सुटीत त्यानं आमचा चेंडू गावाला नेला होता आणि परत आला तो, "आमच्या गावाचा बी संघ झालाय, हिंमत असंल तर या," असं म्हणतच. त्या गावाचं नाव मी सांगत नाही. तिथली माणसं अजून माझ्यावर हसत असतील. दादानं रविवार ठरवला. घरी मी सांगितलं की कामथडीच्या मैत्रिणीकडे आवळीभोजन आहे. कार्तिकात आवळ्याखाली जेवायला जाणाऱ्या मुलीला कोण अडवणार? आईनं तर डबाभर मसालेभात आणि अळूवड्या दिल्या, वर म्हणाली, "आवळ्याच्या झाडाला माझाही नमस्कार सांग." दादा गणिताच्या मास्तरांकडे गेला होता. नाना आदल्या दिवसापासूनच फिरतीवर होते, कुठं ते आम्ही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

एसटीनं नसरापूर, तिथून गुंजवणीच्या कडेकडेनं चालत. भातं कापून झालेली, खाचरं मोकळी, जिकडेतिकडे पेंढ्यांचे ढीग आणि पुढ्यात तोरणा. भिकूच्या गावाची सगळी जमीन डोंगराच्या पायऱ्या उतरल्यासारखी, सपाट म्हणावं असं एकच मोठं खाचर, आणि नेमकं त्याच्या मधोमध गावाचं खळं. शेणानं सारवून गुळगुळीत केलेलं, आणि मध्ये उभा खांब. मळणीला बैल बांधतात तो. एका घरची मळणी अजून व्हायची होती, म्हणून खांब उपटता येत नव्हता. मळणी संपल्याशिवाय तो काढत नाहीत. खळ्याचे मालक तुकाआबा, भिकूचे चुलत आजोबा, मिशा पांढऱ्या आणि आवाज खणखणीत. त्यांनी दोन्ही संघांना उभं करून बजावलं, "खेळा, पर खळ्यावर पायताण घालून जायाचं न्हाई. आन् खांब डाव्या हाताला ठिवूनच फिरायचं. बैल फिरत्यात तसंच. उलटं फिरलं की खळ्याला वंगाळ." दादा म्हणाला, "आबा, फुटबॉलमध्ये असा नियम नसतो." आबा म्हणाले, "आमच्या खळ्यात हाय."

पुढची हरकत माझ्याबद्दल निघाली. परकराची कीर्ती भिकूनं आधीच पोचवली होती. "परकार म्हंजी जाळंच की वो!" असा गलका झाला. बांधावर बायका बसल्या होत्या, त्यांतली एक उठली आणि म्हणाली, "ये गं हिकडं, म्या काचा मारून देते." आवणीच्या वेळी भाताची रोपं लावायला चिखलात उतरताना बायका मारतात तसा काचा तिनं दोन झटक्यांत मारला. भोरमध्ये मी पोटऱ्या दाखवत आळीतून गेले असते तर स्थळ दारातूनच परत गेलं असतं. इथं कुणी दुसऱ्यांदा बघितलंही नाही.

सामना सुरू झाला आणि आमच्या लक्षात आलं की गावाची पोरं खरोखरच एकाच दिशेनं फिरतात. जन्मभर बैलांमागे फिरलेली ती. चेंडू खांबाच्या डावीकडे समोर पडलेला असला तरी ती अख्खा फेरा घालून त्याच्याकडे येत. भातकापणीची धसकटं आमच्या अनवाणी पायांना टोचत होती, पण त्यांच्या फेऱ्यांच्या जोरावर आम्ही एक गोल केला. मी खांब नसलेल्या माझ्या कोपऱ्यात पेंढ्यांच्या दोन ढिगांमध्ये उभी राहून खुशाल गावाकडे बघत होते, तेव्हा पायवाटेनं सायकल ढकलत येणारी काळी टोपी मला दिसली.

आता कळतं, यात योगायोग काहीच नव्हता. खाचरं मोकळी झाली म्हणून आम्ही सामना ठेवला आणि खाचरं मोकळी झाली म्हणूनच सर्कल आणेवारीला निघाले. पीक किती आणे आलं ते खळ्यावर येऊनच बघायचं असतं. महसूल खात्यातल्या माणसाच्या पोरांना हे सुचू नये, याला काय म्हणावं! दादानं टोपी बघितली आणि सरळ पेंढ्यांच्या ढिगात सूर मारला. आमच्या बाकीच्या पोरांचे चेहरे पडले. मी कुठं जाणार? गोल सोडून पळणं मला जमलं नाही, काचा सोडायला वेळ नव्हता. मी मान खाली घालून उभी राहिले.

तुकाआबा लगबगीनं पुढे गेले. "या सायेब, या. पीक बगा कसं हाय. काय न्हाई औंदा. पोरं बगा कशी वाळलीत." वाळलेली पोरं तेव्हा धाडधाड धावत होती. नानांनी सायकल लावली, खळं बघितलं, खांब बघितला, पोरं बघितली, मग मला बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. आबांना सर्कलला खूश करायचं होतं, म्हणाले, "सायेब, तुमीच पंच व्हा. गाव आन् भोर दोगं बी ऐकतील असं हितं सरकारच." नाना म्हणाले, "भोरचा कॅप्टन कोण?" सगळ्यांनी ढिगाकडे बघितलं. दादा बाहेर आला, केसांत काड्या.

"नाव?"

"वसंत."

"पुढे?"

"वसंतच."

"बरं, वसंतच. खेळा," नाना म्हणाले आणि बांधावर उभे राहिले. तेवढ्यात मला काचा मारून देणाऱ्या बाईनं पाहुण्याला काही द्यावं म्हणून माझाच डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. "मीठ कमी आहे," म्हणाले, आणि सगळा डबा संपवला.

त्यानंतर भिकूनं जो चेंडू मारला तो अजून माझ्या पोटाला आठवतो. मी तो दोन्ही हातांनी पोटाशी आवळला, पण जोर इतका होता की मी चेंडूसकट मागं ढिगांच्या आत जाऊन पडले. गोल की नाही? दोन्हीकडून आरडाओरडा. सगळे सर्कलसाहेबांकडे वळले. नानांनी पायानं दोन्ही ढिगांमधली रेघ मापली, जन्मभर लोकांच्या हद्दी मापत आलेले ते, आणि म्हणाले, "गोल."

मला राहवलं नाही. "साहेब, चेंडू माझ्या हातात होता!"

"चेंडू तुझ्या हातात होता," नाना म्हणाले, "पण तू हद्दीच्या आत होतीस." अख्ख्या गावासमोर स्वतःच्या मुलीवर गोल दिला त्यांनी. मला राग आला आणि, खरं सांगते, तेवढाच अभिमानही वाटला.

बरोबरी झाली तशी पोरं पेटली. दादानं मग आपली युक्ती काढली. चेंडू मुद्दाम खांबाच्या उलट्या बाजूला ठेवायचा. गावाची पोरं फेरे घालून दमली. शेवटी भिकूचा संयम सुटला. तो आमच्यात खेळून अर्धा भोरचा झालेला, त्यानं आबांचा नियम सोडला आणि खांब उजव्या हाताला ठेवून उलटा धावला. समोरून त्याचाच चुलतभाऊ नियमानं सुलटा येत होता. दोघं आदळले, भिकू भेलकांडून खांबावर आपटला आणि खाली बसला. कपाळ फुटलं होतं. कपाळाचं रक्त किती येतं हे तेव्हा मला माहीत नव्हतं. क्षणात त्याचा सगळा चेहरा लाल झाला.

आबा ओरडत होते, "सांगितलं व्हतं न्हवं, उलटं जायाचं न्हाई म्हून!" कुणी चुना आणायला पळालं, कुणी चुलीतली राख घेऊन आलं. मी कशी तिथं पोचले ते आठवत नाही. विळीवर माझं बोट कापलं होतं तेव्हा आईनं ते पदरात घट्ट दाबून धरलं होतं, एवढीच माझी वैद्यकी. मी दादाचा सदरा ओढून काढला, घडी करून भिकूच्या कपाळावर दाबला, आणि राखवाल्याला म्हटलं, "लांब हो." तो लांब झाला. मी चेंडू धरते तसं ते डोकं धरलं आणि सोडलं नाही.

पुढे मी डॉक्टर झाले, लष्करात गेले, आणि युद्ध सुरू झालं तेव्हा सरहद्दीमागच्या एका इस्पितळात होते. ट्रक भरभरून पोरं यायची, भिकूच्याच वयाची. पहिल्या दिवशी एकाच्या मांडीची जखम दोन्ही हातांनी दाबून मी उभी होते आणि सर्जन दुसऱ्या टेबलावर होते. तो मला म्हणत होता, "डॉक्टरसाहेब, सोडा, तुमचे हात दुखतील." मी त्याला म्हटलं, मी गोलकीपर आहे. तो हसला. तो वाचला. सगळे नाही वाचले, आणि त्यांचं दुःख मला आजही आहे, ते वयानं कमी होत नाही. पण त्या पहिल्या दिवशी माझे हात थरथरले नाहीत, त्याचं श्रेय मी त्या खळ्याला देते.

तर त्या दिवशी खळ्यावर बैलगाडी जुंपली. वेल्ह्याच्या दवाखान्यात जायचं ठरलं. गाडीत खाली पेंढा, त्यावर भिकू, त्याचं डोकं माझ्या मांडीवर, पुढे कासरा धरून तुकाआबा. "मी येतो, दवाखान्यात ओळख लागेल," असं म्हणून नानाही चढले. दादा सायकल घेऊन मागे. गाडीत नाना माझ्यासमोर बसले होते, गुडघ्यावर टोपी, आणि माझ्या हातांकडे बघत होते. सदरा भिजला होता, पण रक्त थांबलं होतं. भिकू पुटपुटला, "गोल झाला का न्हाई?" मी म्हटलं, "नाही. गप्प पड."

आबा पुढूनच म्हणाले, "सायेब, पोर लई धीराची हाय वो. आमची बापय मानसं राख शोदत बसली, आन् हिनं बगा. कुनाची हाय कुनास ठावं."

"असेल कुणाची तरी," नाना म्हणाले.

"हिला डाक्टर केली पायजे. हिच्या बापाला कुनीतरी सांगा. सरकारी मानसाचं ऐकंल त्यो. तुमीच निरोप धाडा."

नानांनी घसा खाकरला आणि गाडीत प्रथमच थेट माझ्याकडे बघितलं. "काय गं मुली, तुझे वडील कुणाचं ऐकतात का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते पुसायला हात मोकळे नव्हते. मी म्हटलं, "नाही साहेब. ते नुसतं हूं म्हणतात."

नानांनी गुडघ्यावरची टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "त्यांना सांग, सर्कलसाहेबांनी निरोप दिलाय. मुलीला डॉक्टर करा म्हणून." आबांनी पुढून "व्हय व्हय!" केलं आणि बैलांना हाक दिली.

भिकूला टाके पडले. नाना सायकलनं पुढे गेले आणि आम्ही शेवटच्या एसटीनं घरी पोचलो. दादा उघडाच आला म्हणून आईनं विचारलं, गणिताच्या मास्तरांकडे सदरा काढून बसवतात का? दादा पाय धुवायला मोरीकडे पळाला. नाना हातपाय धुऊन पाटावर बसले होते, फिरतीहून नुकते परतल्यासारखे. आईनं वाढलं. मी भिंतीला टेकून उभी होते.

"नाना," मी म्हटलं, "वेल्ह्याकडचे एक सर्कलसाहेब भेटले होते. त्यांनी तुम्हांला निरोप दिलाय."

आईचा हात पळीसकट थांबला. "वेल्ह्याकडचे? आणि तू कामथडीला..."

"काय म्हणाले?" नानांनी विचारलं.

"म्हणाले, मुलीला डॉक्टर करा. पुण्याला सायन्सला घाला. आणि साताऱ्याच्या लोकांना येऊ नका म्हणून कळवा."

नानांनी मान वर केली. "एवढं सगळं म्हणाले?"

"हो."

"फार बोलतात," नाना म्हणाले. त्यांनी भात कालवला, एक घास घेतला, आणि आईकडे बघून म्हणाले, "पण वरिष्ठांचा हुकूम दिसतोय. आपल्याला तो मोडता यायचा नाही."